तिघींचा एक पॅन

आमच्याकडं जुलैमध्ये आभाळ भरून येतं आणि नुसतंच उभं राहतं. सोयाबीन वीतभर झालेलं असतं, कोळपणी अर्ध्यावर आलेली असते आणि वरून ऊनही नाही, पाऊसही नाही. वारा पडतो. भरदुपारी घरात दिवा लावावा इतका अंधार होतो, कोंबड्या खुराड्याकडं वळतात, आई दोरीवरचे कपडे ओढून आत आणते आणि मग काहीच होत नाही. तासाभरानं कोंबड्या पुन्हा बाहेर येतात. जुलै म्हणजे हिरवंगार असं लोक लिहितात, लिहोत बापडे. मला हा महिना नको असतो, ऑगस्ट लागेपर्यंत मी दिवस मोजते.

कारण हा रिटर्न भरायचा महिना. हसू येईल, पण खरं आहे. तीन एकर कोरडवाहू असणाऱ्याची पोर आणि इन्कम टॅक्स! आमच्या शेतीला कर नाही, ऊसतोडीला कोण विचारतो? सात पिढ्यांत हा शब्द आमच्या घरात कुणी आणला नव्हता. तो मी आणला.

आता मी जिंतूरला एका कॉलेजात शिकवते. जुलैमध्ये तास संपला की एखादी मुलगी मागं रेंगाळते, बाकीच्या गेल्याची खात्री करते आणि फोन पुढं करते. "मॅडम, हे काय आलंय बघा ना." कुणी ऑनलाइन शिकवण्या घेत असते, कुणी दुकानांना जाहिरातीची चित्रं करून देत असते, कुणी कसलीशी माहिती भरत असते. पोरं आता वर्गात बसल्या बसल्या कमावतात आणि नोकर कुणाचीच नसतात. मेसेज मला न वाचता पाठ आहे. तुमच्या नावावर उत्पन्नाची नोंद आहे, विवरणपत्र भरा. मी आधी एकच विचारते, "हे पैसे तुझ्या एकटीचे आहेत का?" बऱ्याचदा मुलगी आधी दाराकडं बघते. मग मी वर्गाचं दार लावून घेते.

परभणीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही तिघी होतो. मी, शीतल आणि कोमल. शीतल येलदरीची, तिचे वडील धरणावर मासे धरायचे. ती आणि मी वसतिगृहात एका खोलीत. कोमल पिंगळीहून रेल्वेनं जाऊन-येऊन करायची, पण डबा आमच्याच खोलीत खायची आणि लोणचं आमचंच संपवायची. तिघींचीही फीमाफी होती. घरचं उत्पन्न ठरावीक आकड्याच्या आत असल्याचा तहसीलचा दाखला दरसाल जोडायचा आणि शिकायचं. माझ्या दाखल्याला धोका नव्हता. शीतलचा भाऊ नुकताच नोकरीला लागलेला, त्यामुळं तिचा दाखला अगदी काठावर होता. हे तिनंच मला सांगितलं होतं, केस विंचरता विंचरता. हे मला माहीत होतं, एवढं वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

काम कोमलनं शोधलं. लांबच्या शहरातल्या कुठल्याशा कंपनीला आमच्या भागातल्या माणसांचं बोलणं ऐकून जसंच्या तसं टाइप करणारे हवे होते. प्रॅक्टिकल संपलं की तीनला बसायचं, जेवणाची घंटा होईपर्यंत. अजून कानाला त्या हेडफोनचा स्पंज आठवतो. घामानं ओला, थोडा आंबूस. आणि आवाज. ओळख ना पाळख, अशी माणसं कानात येऊन बोलायची. हप्त्यावरून चिडलेला एक. लेकराचा ताप सांगणारी एक बाई, मागं कुकरच्या शिट्ट्या. नावं आली की तिथं टूं असा आवाज घातलेला, त्यामुळं सगळी माणसं बिननावाची. एका म्हाताऱ्याचं रेकॉर्डिंग चार मिनिटांचं होतं आणि त्यात तो फक्त "हॅलो, ऐकू यायलंय का?" एवढंच म्हणत होता. मी पहिली दोन वाक्यं टाइप करून सोडून दिली असती. शीतलनं प्रत्येक हॅलो लिहिला. मोजून.

"आगं कोण बघायलंय?" कोमल म्हणाली.

"त्यो बोललाय ना पर," शीतल म्हणाली.

सुरुवातीला एक करार आला होता. त्यात लिहिलेलं, मी कंपनीची कर्मचारी नसून स्वतंत्र व्यावसायिक आहे. दोन दिवस आम्ही त्यावर हसत होतो. "व्यावसायिक बाई, बादली रिकामी करा." करारावर सही, बँकेचं खातं आणि पॅन कार्ड हवं होतं. पॅन माझ्या एकटीकडं. शीतलची आधारवरची जन्मतारीख आणि शाळेच्या दाखल्यावरची वेगळी, म्हणून तिचा अर्ज अडकलेला; कोमलनं कधी काढायचं मनावरच घेतलं नव्हतं. मग तिनंच सुचवलं, "तुझ्या नावावर घेऊ की. करू तिघी, पैसे आले की वाटून घेऊ."

यात काही चुकतंय असं आम्हाला कुणालाच वाटलं नाही, आणि का वाटावं? माझे आई-आप्पा दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. कारखाना मजुराला ओळखत नाही, मुकादमाला ओळखतो. आगाऊ उचल मुकादमाच्या नावावर, सही त्याची, टोळी त्याच्या मागं, वाटणी त्याच्या हातानं. एक नाव पुढं आणि वीस हात मागं, काम असंच होतं हे मी पाळण्यात असल्यापासून बघत आले. कोमलनं मला मुकादम म्हणायला सुरुवात केली. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं. महिन्याच्या महिन्याला एटीएममधून नोटा काढून कॉटवर तीन गड्ड्या लावताना माझी मान जरा ताठच व्हायची.

दर वेळी शंभरातले दहा कमी यायचे. आम्ही म्हटलं, कंपनीचं कमिशन असेल. कारखाना कापतो, मुकादम कापतो, मग कंपनी काय पुण्य करायला बसलीय? ज्यांना कापून घ्यायची सवय झालेली असते ते कशाचं कापलं हे विचारत नाहीत. वर्षभर आम्ही विचारलं नाही.

त्या जुलैतही आभाळ असंच उभं होतं. दुपारी तीनचा सुमार, खोलीत अंधार, पंखा बंद, बाहेर कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं. माझा फोन वाजला आणि मी मेसेज वाचला. तुमच्या पॅनवर. पुढं आकडा होता, तिघींच्या वर्षाच्या कमाईचा. इतका मोठा आकडा माझ्या नावासमोर मी कधी पाहिला नव्हता. कुणाचं तरी चोरलेलं सामान आपल्या पेटीत सापडावं, तसं मला झालं.

घरी फोन केला. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना इन्कम टॅक्स म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण कागद म्हणजे काय ते चांगलं माहीत होतं.

"सही कुणाची हाय?"

"माझी."

"त्या दोघींची?"

"नाही."

फोनमध्ये मागून बैलाच्या घंटीचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "मंग तूच हायेस, बाई." आणि फोन आईकडं दिला.

स्टेशन रोडला एका गाळ्यात एक कर सल्लागार बसायचे. जुलैमध्ये त्यांच्या दारात चपलांचा ढीग असायचा. व्यापारी, मास्तर, एक-दोन डॉक्टर आणि त्यांच्यात मी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. त्यांनी संगणकावर माझं खातं उघडलं आणि बघता बघता त्यांची भुवई वर गेली.

"कॉलेजात हायीस ना? एवढं कसलं काम करायलीस?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. माणूस बरा होता. पोरीला समजेल असं बोलला.

"हे बग. तू नोकर न्हाईस, म्हणून पगाराचा कागद न्हाई. तुझा धंदा हाय असं सरकार समजतं. ते दहा रुपये कंपनीनं खाल्ले न्हाईत. टॅक्सपोटी आधीच कापून तुझ्या पॅनवर सरकारात भरलेत. आता तू रिटर्न भरायचं. सगळी कमाई दाखवायची, त्यातून नेट-बिट, कॉम्प्युटरचा खर्च वजा करायचा. उरलेलं मर्यादेत असलं तर टॅक्स शून्य, आन् कापलेलं सगळं माघारी."

"म्हणजे ते आमचेच पैसे?"

"तुझे. सरकारला 'आमचे' कळत न्हाई. पॅन कळतो."

"मग टॅक्स किती बसेल?"

"काही बसत न्हाई तुला. भिऊ नको." मग ते थांबले. "फीमाफीत हायीस का?"

"हो."

"टॅक्स येगळा आन् उत्पन्न येगळं, पोरी. टॅक्स शून्य आला म्हणून उत्पन्न शून्य होत न्हाई. हा सगळा आकडा तुझ्या घरच्या उत्पन्नात धरला तर दाखला खोटा ठरंल. त्या दोघींकडून लिहून आण, कुणाचे किती. आन् तिघींचे पॅन येगळे करा. एकाच्या नावावर धा जण, हे उसात चालतं. हितं न्हाई."

लिहून आण. किती सोपं. कोमल हातातला घास तसाच ठेवून म्हणाली, "मी लिहून देऊ? मंग माझी फीमाफी जाईल ना! तू मुकादम हायेस, तू बग." ती हसत म्हणाली होती, पण दुसऱ्या दिवसापासून डबा दुसऱ्या मैत्रिणींबरोबर लॅबच्या पायऱ्यांवर खाऊ लागली. शीतल म्हणाली, "घरी इचारते." रोज मी विचारायचे आणि रोज ती म्हणायची, भाऊ फोन उचलेना. ती खोटं बोलत नव्हती, घाबरली होती. मीही घाबरले होते. एका खोलीत दोन घाबरलेल्या मुली समोरासमोरच्या कॉटवर पुस्तक उघडून बसायच्या आणि वाचत कुणीच नसायचं. शेवटची तारीख आली. मी सगळी कमाई माझी म्हणून भरून टाकली.

आजही मला वाटतं, आभाळ फाटून एकदा मोठा पाऊस झाला असता तर आम्ही एकमेकींशी भांडलो असतो, रडलो असतो, आणि काहीतरी सरळ झालं असतं. तसा काही झाला नाही. त्या वर्षी जुलै शेवटपर्यंत दाबून धरलेल्या श्वासासारखा राहिला.

रिफंड आला तो पोळ्याच्या आसपास. कापलेले सगळे पैसे, पै अन् पै. मी ते काढून आणले आणि पुन्हा तीन गड्ड्या केल्या. मला कुणी सांगितलं नव्हतं वाटायला. पण टोळीचे पैसे आपल्यापाशी ठेवणाऱ्या मुकादमाला आमच्याकडं काय काय म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकलंय. फक्त या वेळी म्हटलं, "पोच लिहून द्या." कोमलनं पैसे घेतले आणि म्हणाली, "लिहून कशाला? इस्वास न्हाई का?" शीतल मात्र लगेच वही घेऊन बसली. तिला वाटलं, जुलैत लिहून दिलं नाही त्याची ही भरपाई. मी म्हणाले होते, मिळाले एवढं लिही. तिनं पूर्ण पान लिहिलं. कुठल्या महिन्यात किती काम केलं, किती मिळाले, किती कापले गेले, किती परत आले. खाली आखून घेतलेल्या रेघेवर सही. रेघ मारायला पट्टीसुद्धा घेतली. "बरूबर झालं का बग," म्हणाली. मी तो कागद घडी करून पेटीत ठेवला.

मी तो कशासाठी लिहून घेतला? हा प्रश्न मी स्वतःला दर जुलैला विचारते. कधी वाटतं, नुसती पद्धत म्हणून. कधी वाटतं, माझ्या आत कुणीतरी तेव्हाच पुढचं बघून ठेवलं होतं. कोमलनं दिला नाही म्हणून मी तिच्या मागं लागले नाही, हेही खरं आहे. आपल्यातलं वाईट आपल्याला न विचारता कामं उरकून ठेवतं. आणि मग वेळ आली की सगळं तयार सापडतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीवर माझं नाव लागलं. आतल्या बाबूंनी कागद फिरवून दाखवला. "तुझ्या नावावर हे उत्पन्न दिसायलंय. घरच्यात मिळवलं तर मर्यादेच्या लय वर जातंय. फी भरावी लागंल, मागच्या वर्षीची धरून. न्हाईतर खुलासा दे, पुराव्यासकट." टॅक्स शून्य आहे, मी म्हणाले. ते म्हणाले, ते तिकडं, आमाला हितं आकडा बघावा लागतो. बरोबर तेच, जे सल्लागार म्हणाले होते.

आई-आप्पा तेव्हा कारखान्यावर निघालेले. फी भरायची तर शिक्षण तिथंच संपलं असतं आणि पुढच्या वर्षी मीही कोयता घेऊन निघाले असते. हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाही. हे खरंच होतं. मी खोलीवर गेले. शीतल आंघोळीला गेली होती, तिचा टॉवेल दारावर नव्हता म्हणून कळलं. मी पेटी उघडली, कागद काढला, खाली जाऊन त्याची झेरॉक्स केली आणि खिडकीवर दिली. तिच्या वाट्याची रक्कम माझ्यातून वजा केली की मी मर्यादेच्या आत येत होते. थोडक्यात, पण येत होते.

बाबूंनी पान वाचलं. "अक्षर झकास हाय," म्हणाले. मग वर बघून विचारलं, "ही शीतलबी फीमाफीतच हाय का?"

मला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. मी हो म्हणाले.

दिवाळीनंतर शीतल आली ती वडिलांबरोबर. तिला पत्र गेलं होतं, उत्पन्न लपवलं म्हणून. दोन वर्षांची फी एकदम भरायची होती. वडील खिडकीशी टोपी हातात धरून उभे होते, त्यांच्या अंगाला धरणाच्या पाण्याचा वास होता. त्यांनी मला ओळखलं, "कशी हायीस, माय?" म्हणाले. शीतलनं गादी गुंडाळली. मी दोरी धरली, तिनं गाठ मारली. परीक्षा बाहेरून देईन म्हणाली. दिली नाही.

पुढच्या जुलैत ती मला जिंतूरच्या बस स्टँडवर भेटली. फोन करून बोलावलं होतं तिनं. तेच अडवून धरलेलं आभाळ, तेच थांबलेलं वारं, स्टँडवर डिझेलचा आणि ओल्या मातीचा वास. तिचं पॅन आता निघालं होतं. भाऊ म्हणत होता, सरकारकडं नाव गेलंय, रिटर्न भर, नाहीतर घरावर माणसं येतील. "तुला येतं ना गं भरायला?" म्हणाली. येताना माझ्यासाठी तळलेल्या मासळीचा डबा आणला होता.

बाकावर बसून मी तिचे आकडे पाहिले. "भरायची गरज नाही तुला," मी म्हणाले. "तुझ्यावर टॅक्स लागत नाही."

"काहीच न्हाई?"

"रुपयाही नाही."

"मागल्या साली?"

"तेव्हाही नव्हता."

"आन् तुझ्यावर?"

"माझ्यावरही नाही. कोमलवरही नाही. कुणावरच नव्हता."

तिनं समोरच्या फलाटाकडं बघितलं. तिथं एक माणूस बसच्या टपावर पोती चढवत होता. मग तिनं मला विचारलं, अगदी सहज, गणित अडल्यावर विचारायची तसं. "मंग कॉलेजवाल्यांना माझं नाव कळलं कसं असंल गं?"

येलदरीची गाडी लागली होती, लोक पळायला लागले होते. माझ्या मांडीवर तिचा डबा होता, अजून कोमट. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते ऐकून ती काय म्हणाली असती ते मला आता कधीच कळणार नाही.

"कॉम्प्युटरला सगळं कळतं," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. "तू सांगायलीस म्हंजे तसंच असंल." आणि पिशवी उचलून गाडीकडं गेली.